तिसरं स्मरणपत्र

११ मे १९७५

सकाळपासून तीन गिऱ्हाइकं आली आणि तिघांनीही मला ‘कॅझ’ म्हटलं. माझं नाव कॅसिमिर. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर, पासपोर्टवर आणि आता दुकानाच्या लायसन्सवरही कॅसिमिरच आहे. चार अक्षरं घ्यायला या लोकांची जीभ का झिजते कळत नाही.

तर आजपासून पुन्हा डायरी. जुन्या वह्या नाताळच्या वादळात, इथे ऑस्ट्रेलियात, डार्विनच्या घराबरोबर उडाल्या. बायको फ्रेडा हॉस्पिटलात नर्स, तिची नोकरी शाबूत राहिली. माझी कारकुनी ज्या ऑफिसात होती, ते ऑफिसच शिल्लक नव्हतं. म्हणून हे दुकान घेतलं. डार्विनहून अडीचशे किलोमीटरवर बारलो क्रॉसिंग. एक पत्र्याची शेड, एक पेट्रोल पंप, एक पाण्याची टाकी. समोर क्रीक म्हणजे ओढा, त्याच्या पलीकडे डार्विनचा रस्ता, आमच्या पाठीमागे शंभर किलोमीटरवर नवी खाण. खाणीचा प्रत्येक ट्रक आमच्या दारावरून क्रीकमध्ये उतरतो आणि पलीकडे चढतो. मी फ्रेडाला म्हटलं, दहा वर्षांत इथे गाव उभं राहील.

ती म्हणाली, “आधी संडासाला दार बसव.”

तिने माझ्यासाठी नोकरी सोडली, म्हणून उलट बोललो नाही. दार बसवलं. मग दुकानावर पाटी रंगवली : नवी वसई जनरल स्टोअर्स. ज्युलियाना सहा वर्षांची आहे. पाटी बघून म्हणाली, “डॅड, व्हॉट्स अ वसई?” मी मराठीत सांगत गेलो, ती इंग्रजीत विचारत गेली. शेवटी कंटाळून कुत्र्याशी खेळायला गेली.

८ जानेवारी १९७६

चार दिवस क्रीकला पूर. हे लोक ज्याला क्रीक म्हणतात ते मेमध्ये गुडघाभर होतं. आज त्यात झाडं वाहत चालली आहेत. आमच्या काठावर चौदा ट्रक अडकलेत. चौदा ड्रायव्हर, त्यांचे चिखलाचे अठ्ठावीस बूट, आणि मी सकाळी पुसलेली फरशी. पायपुसणं नावाची वस्तू काय असते ते कुणालाच माहीत नाही. डबाबंद मांस संपलं, पीठ संपत आलंय, बिअर कालच संपली. पलीकडच्या काठावर अडकलेल्यांना दोरीवर टोपली सोडून पाव पाठवले. फ्रेडा सकाळपासून उभी आहे. कुणाचं बोट चिरलंय, कुणाचा कान फुटलाय, ती पट्ट्या बांधतेय आणि मध्येच आमटी ढवळतेय.

हा काय देश आहे? माणूस चंद्रावर गेला आणि इथे क्रीकवर पूल नाही.

वसईकडे आमचं गाव खाडीपलीकडे. पावसाळ्यात होडी बंद झाली की बाबांच्या विड्याच्या पानांच्या करंड्या काठावर कुजायच्या आणि पलीकडचा बाजार आमच्या नाकासमोर भरून उठायचा. लहानपणी मी एकच गोष्ट शिकलो, पूल नसेल तर गाव मरतं. तेव्हा रस्तेखात्याला अर्ज करायचा ठरवलं. तीन दिवस ठरवतोय. गिऱ्हाइकांच्या गर्दीत टाइपरायटरपाशी बसायला फुरसत मिळेल तर ना!

फ्रेडाला म्हटलं, “पूल असता तर ही दैना झाली नसती.”

ती पाव कापत म्हणाली, “पूल असता तर हे सगळे इथे कशाला थांबले असते?”

बायकांना धंद्यातलं कळत नाही.

३० जानेवारी १९७६

अर्ज गेला. विषय, संदर्भ, सविनय विनंती, सगळं जिथल्या तिथे. वसईला जकात नाक्यावर नोकरीत होतो तेव्हा साहेब माझाच मसुदा घ्यायचे. तीन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर स्मरणपत्र. त्यावर नाही आलं तर दुसरं, क्रमांक घालून, आधीच्याचा संदर्भ देऊन. आमच्याकडे अशाने गटारं झाली आहेत, पूल का होणार नाही?

१४ सप्टेंबर १९७६

उत्तर आलं. ‘आपल्या पत्राची नोंद घेतली आहे.’ खाली सही आणि त्याच्या पुढे, हाताने, ‘चिअर्स’. सरकारी पत्रात चिअर्स! मी दोनदा वाचलं.

फ्रेडाने टाकीजवळ केळी लावली आहेत. ती वाळवून वसईसारखी सुकेळी करायची म्हणते. इथल्या जातीची होतील की नाही कुणास ठाऊक. तिला दिवस गेलेत असा मला संशय आहे, पण विचारलं तर सांगत नाही. ‘डॉक्टर सांगेल तेव्हा’ म्हणते. नर्सेसचा हा एक ताप असतो.

१९ फेब्रुवारी १९७७

मुलगा होता. दोन महिने आधी आला. क्रीक सहा दिवस भरलेली, विमानाची धावपट्टी चिखलात. रेडिओवर डॉक्टर बोलत होता आणि फ्रेडा स्वतःच, पडल्या पडल्या, मला सांगत होती काय करायचं ते. पलीकडच्या काठावर अँब्युलन्स येऊन उभी राहिली. दिसत होती. ड्रायव्हर टपावर चढून बघत होता.

चार तास होता. बाप्तिस्मा फ्रेडानेच दिला. पाद्री नसेल तर कुणीही देऊ शकतं, नर्सेसना शिकवतात. हेन्री नाव ठेवलं.

क्लॅरी नावाचा एक मेकॅनिक पुरामुळे अडकून पडलाय. त्याने खोक्याच्या फळ्यांची पेटी केली. चांगली केली. टेकाडावर पुरलं, जिथे पाणी पोचत नाही.

आज सकाळी स्मरणपत्र क्रमांक तीन टाइप केलं. फ्रेडा आतून म्हणाली, “आज?” मी म्हटलं, “आज.” तिने भिंतीकडे तोंड केलं.

२ एप्रिल १९७७

क्लॅरी अजून इथेच आहे. किती दिवस राहणार विचारलं तर म्हणाला, पाणी उतरेपर्यंत, मेट. पाणी मार्चमध्येच उतरलं. शेडच्या बाजूला त्याने गॅरेज मांडलंय आणि माझे पाने न विचारता नेतो.

फ्रेडा बोलते. जेवायला वाढते. टाइपरायटरचा आवाज सुरू झाला की मात्र उठून बाहेर जाते. मला काय वाटतं ते मी कुणाला सांगू? टाइप करताना निदान पुढची ओळ कुठली ते माहीत असतं.

२१ ऑगस्ट १९७९

आज मोजलं. तेवीस घरं, त्यातली सोळा कॅरॅव्हॅन. तरी घरं ती घरं. क्लॅरीचं गॅरेज, एक खाणावळ, टायरवाला, रेडिओवरच्या शाळेसाठी एक खोली. महिन्यातून एकदा पाद्री येतो आणि माझ्या दुकानात, पिठाची पोती सरकवून, मिस्सा होतो. फ्रेडाने मागच्या खोलीत दवाखाना मांडलाय, त्याला आरोग्यखात्याने फ्रिज दिला. सुकेळी झाली! गिड्डी आणि काळपट झाली, पण ड्रायव्हर लोक पुडीच्या पुडी नेतात. नगरविकास मंडळाचा अध्यक्ष मी. सगळ्यांनी एकमताने निवडलं, कारण बाकी कुणालाच पत्र लिहिता येत नाही.

आणि तरीसुद्धा गाव कशावर चाललंय, तर वर्षाकाठी तीन महिने चिखलात रुतलेल्या ट्रकांवर! इथे कुणी मुद्दाम येत नाही, अडकायला होतं म्हणून येतो. गेल्या जानेवारीत अडकलेल्या ड्रायव्हरांनी गावाविरुद्ध क्रिकेटची मॅच खेळली आणि माझी दुकानाची काच फोडली. पूल झाला की सभ्य गिऱ्हाईक येईल, बायकामुलांना घेऊन, स्वतःच्या मर्जीने. स्मरणपत्र क्रमांक एकवीस काल पाठवलं.

७ मे १९८१

शेवटी रस्तेखात्याचा माणूस आला. आणि माणूस कोण, तर पुण्याचा! चारुदत्त नाव, पुलांचा इंजिनियर, पस्तिशीचा, उन्हाने लाल झालेला. फ्रेडाने पोहे केले. पोहे म्हणजे ज्युलियानाच्या ब्रेकफास्टच्या डब्यातले फ्लेक्स भिजवून, पण त्याने दोनदा मागून घेतले.

म्हणाला, “ऑफिसात तुमची फाईल मोठी फेमस आहे. कुणी कधी नंबर घातलेले रिमाइंडर बघितलेच नव्हते तिथे. नवीन माणूस जॉइन झाला की आधी तुमची फाईल वाचायला देतात.”

मी म्हटलं, “वाचायला देतात, म्हणजे करमणूक!”

त्याने कप खाली ठेवला. “पहिली दोन पत्रं वाचून हसतात. तिसरं वाचलं की कुणी हसत नाही.”

मी त्याला आणखी चहा हवा का विचारलं. फ्रेडा बशी उचलून आत गेली. तिने ऐकलं की नाही माहीत नाही.

नंतर त्याने मोटारीच्या बॉनेटवर नकाशा पसरला. दोन जागा. एक इथेच, दुकानासमोर, बुटका पूल. “मोठ्या पुरात वर्षातून दोन दिवस बुडेल. फार तर तीन. पण रस्ता तुमच्या दारावरूनच राहील.” दुसरी जागा वरच्या अंगाला, खडकाजवळ, उंच पूल. “तो कधीच नाही बुडणार. पण रस्ता तीन किलोमीटर लांबून जाईल. काका, एक विचारू? तुम्हाला खरंच पूल हवाय का? माझा हिशेब सांगतो, अडकलेले ट्रक हाच तुमचा...”

मी त्याला मध्येच थांबवलं. पाच वर्षं पत्रं लिहिणाऱ्याला असं विचारतात का? पुण्याची माणसं हुशार असतात, पण त्यांना ते लपवता येत नाही.

२६ जून १९८१

दुकानात बैठक झाली. वीस माणसं. क्लॅरी म्हणाला, “टू डेज अ यिअर, कॅझ. नो वरीज, मेट. आपण दोन दिवस बिअर पिऊ.” सगळे हसले. खालच्या पुलासाठी हात वर करा म्हटल्यावर एकोणीस हात वर झाले. त्यात एक फ्रेडाचा.

वरच्या पुलासाठी एक. माझा.

सगळे माझ्याकडे असे बघायला लागले जणू मी दुकानाला काडी लावतोय. मी सांगितलं, रस्त्यावर मोठी पाटी लावू, ज्याला चांगला माल हवा तो तीन किलोमीटर वळून येईलच, गावाची आता पत आहे. टायरवाला उठूनच गेला.

ठराव प्रामाणिकपणे पाठवला, एकोणीस विरुद्ध एक. सोबत माझं स्वतःचं, स्मरणपत्र क्रमांक छत्तीस. दोन दिवस बुडणारा पूल हवा असता तर छत्तीस पत्रं कशाला लिहिली असती? वर्षातले दोन दिवस म्हणे. कुठले दोन दिवस ते आधी कोण सांगणार आहे?

फ्रेडा म्हणाली, “मला विचारायचंस तरी. हेन्री इथे आहे. रस्ता गेला की माणसं जातील, माणसं गेली की आपल्यालाही जावं लागेल. त्याला इथे एकटा ठेवून मी कुठेही जाणार नाही, सांगून ठेवते. तुला तुझी फाईल प्यारी.”

मला बोलायचं होतं. पण बोलायला गेलो की माझ्या तोंडून अर्जातली भाषा निघते. ‘सबब’ आणि ‘तरी’.

३ फेब्रुवारी १९८२

वरची जागा मंजूर. चारुदत्तने फोन केला. माझ्या पत्रामुळे नाही, खडक पक्का म्हणून, असं त्याने दोनदा सांगितलं. मला वाईट वाटू नये म्हणून की चांगलं वाटू नये म्हणून, कळलं नाही.

फ्रेडाला सांगितलं. तिने “बरं” म्हटलं आणि केळीला पाणी घालायला गेली. पाऊस पडत होता.

१७ सप्टेंबर १९८४

पुलाचं उद्घाटन झालं. फीत, बँड, सॉसेज. मंत्र्यांच्या भाषणात बारलो क्रॉसिंगच्या नागरिकांच्या चिकाटीचा उल्लेख झाला, तेव्हा नागरिक माझ्याकडे पाठ करून उभे होते. पूल मात्र देखणा आहे. खालून बघितला तर मान दुखते. मी मधोमध उभा राहून खाली पाहिलं. एवढंसं पाणी. याच पाण्याने!

ज्युलियाना डार्विनहून आली होती, हॉस्टेलमध्ये असते आता. माझी नवी पाटी बघून म्हणाली, “डॅड, नोबडीज गोइंग टू स्टॉप फॉर अ साइन.” मी म्हटलं, मराठीत बोल. “कुणी नाही थांबणार, डॅड,” ती म्हणाली. मराठीत ऐकायला ते जास्त वाईट वाटलं.

२९ नोव्हेंबर १९८४

या आठवड्यात वळून आलेली गिऱ्हाइकं : चार. त्यातल्या तिघांना संडास हवा होता. चौथ्याला खाणीचा रस्ता.

१२ मार्च १९८५

पूर आला आणि गेला. एकही ट्रक अडकला नाही. दहा वर्षांत पहिल्यांदा माझी फरशी सबंध पावसाळ्यात स्वच्छ राहिली. सारखी नजरेत खुपते.

खाणावळ बंद. टायरवाला पुलापाशी गेला, माझ्याशी हातही न मिळवता. पाद्री म्हणतो, सहा माणसांसाठी येणं परवडत नाही. येशूला बारा पुरले होते, मी त्याला सांगितलं. खात्याने दवाखान्याचा फ्रिज परत नेला. तो नेणारा ड्रायव्हर फ्रेडाचा जुना पेशंट निघाला. त्याने तिची तीनतीनदा माफी मागितली, आणि शेवटी तिलाच त्याची समजूत घालावी लागली.

४ ऑगस्ट १९८५

क्लॅरी गेला. गॅरेज उचललं, कॅरॅव्हॅन जोडली. माझे पाने परत आणून दिले, आठ वर्षांनी, सगळे पुसून. मी म्हटलं, “पाणी उतरलं वाटतं.” तो हसला नाही. टेकाडावर जाऊन आला, टोपी हातात घेऊन. मग म्हणाला, “यू डिड राइट, कॅझ. मी त्या दिवशी चुकीचा हात वर केला.” आणि गेला.

त्याला काय म्हणायचं होतं ते मला कळलं नाही असं मी इथे लिहिणार होतो. कळलं.

आता गावात आम्ही दोघं. नकाशावर मात्र नाव आलंय, गेल्याच महिन्यात. बारलो क्रॉसिंग, बारीक टाइपात. ‘नवी वसई’ कुणी विचारातही घेतलं नाही. माणसं असताना नाव नव्हतं, नाव आलं तर माणसं नाहीत. सरकारी काम!

१० फेब्रुवारी १९८६

सकाळपासून क्रीक वर चढतेय. आजवरचा सगळ्यात मोठा पूर असावा. पाणी जुन्या उतारावरून पंपापर्यंत आलं. चारुदत्तचा बुटका पूल आज कुठल्या कुठे बुडाला असता. दुपारी मी आणि फ्रेडा पोती उचलून फळीवर ठेवत होतो. साठीच्या उंबरठ्यावर मला हे उद्योग! क्लॅरी ट्रकवाल्यांचा जुना रेडिओ सेट ठेवून गेलाय, तो फ्रेडा दिवसभर चालू ठेवते. मी रोज म्हणतो बंद कर, कटकट आहे. ती करत नाही.

साडेतीनला रेडिओवर एक ट्रकवाला दुसऱ्याला सांगत होता, बाजू दे, खाणीकडून अँब्युलन्स येतेय, बाई अडलीय, मूल आडवं आहे.

फ्रेडाने पोतं खाली ठेवलं. जमिनीवर, पाण्यात. मीही माझं ठेवलं.

आम्ही उभे राहिलो. सेटमधून नुसती खरखर. अँब्युलन्स वळून इकडे येणार नव्हती, फ्रेडाला कुणी बोलावणार नव्हतं, आम्ही इथे आहोत हे त्यांच्या गावीही नव्हतं. दहाएक मिनिटं गेली असतील. मग तोच ट्रकवाला म्हणाला, “शी’ज ओव्हर, मेट. पुलावरून गेली. वेगसुद्धा कमी केला नाही.”

फ्रेडा खुर्चीत बसली आणि मोठ्याने रडली. इतक्या वर्षांत माझ्यासमोर ती अशी रडली नव्हती. मीही रडलो. लिहायला लाज वाटत नाही.

मग डोळे पुसून म्हणाली, “तो चारुदत्त तिसऱ्या पत्राबद्दल बोलला होता. काय होतं त्यात?”

म्हणजे तेव्हा ऐकलं होतं. पाच वर्षं पोटात ठेवलं. मी फाईल काढली. कार्बन कॉपी पिवळी पडली आहे, पण वाचता येते. इतर सगळी पत्रं दीड पान, दोन पान. हे एवढंच :

‘विषय : बारलो क्रॉसिंग येथे पूल. संदर्भ : माझा अर्ज व स्मरणपत्रे क्र. १ आणि २. महाशय, काल दिनांक १८ रोजी पूल नसल्याने एका प्रवाशाला पलीकडे जाता आले नाही. वय चार तास. कळावे.’

फ्रेडाने ते दोनदा वाचलं. मला वाटलं ती चिडणार.

“मला वाटायचं,” ती म्हणाली, “मी आत पडलेय आणि तू दुकानासाठी टाइप करतोयस.”

मी म्हटलं, “मलाही तसंच वाटायचं. दुकानासाठीच लिहितोय असं.”

“त्याचं नाव का नाही लिहिलंस?”

“सरकारी पत्रात नाव कशाला?”

“आता लिही.”

टाइपरायटर काढला. ‘एच’ची की नेमकी अडकते, तेल तर क्लॅरी घेऊन गेला. फ्रेडाने खोबरेल दिलं. टाइपरायटर इंग्रजी, आणि हेन्रीला ‘एच’ लागतोच. स्मरणपत्र क्रमांक एकेचाळीस. विषय : आभार. आज दुपारी पूल उपयोगी पडला. हेन्रीच्या आईवडिलांकडून कळावे. ‘चिअर्स’ लिहायचं का, मी विचारलं. ती म्हणाली, लिही.

टपालाची गाडी आता इथे येत नाही. पत्र टाकायला पुलापर्यंत तीन किलोमीटर चालत जावं लागेल, या गुडघ्यांनी, या चिखलात. उद्या सकाळी पाऊस थांबला तर निघणार. फ्रेडा म्हणाली, “थांब, मीपण येते,” आणि वाटेत खायला सुकेळीची पुडी बांधून ठेवली.